पच्चैयम्मांच्या दारावरून

एग्मोर

साध्या कपड्यातला पोलीस गर्दीत मिसळून जातो, असं आमच्या खात्यात सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटायचं. निवृत्त होऊन मला बराच काळ झाला. पोट सुटलंय, मिशी पांढरी झालीय, आणि त्या दिवशी अंगात चौकड्यांचा शर्ट होता. तरीही एग्मोर स्टेशनबाहेरच्या पहिल्याच रिक्षावाल्यानं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "सार, पोलीस?" मी म्हटलं, "रिटायर्ड." त्यानं निमूटपणे मीटर टाकला. मला घ्यायला आलेली माझी लेक गौरी हसत म्हणाली, "बाबा, इथे मीटर कुणीच टाकत नाही. आता इथे आहात तोवर तुम्ही माझ्याबरोबरच फिरायचं."

गौरी चेन्नईच्या एका कॉलेजात गुन्हेगारी न्यायव्यवस्था आणि सुधारसेवा या विषयात एम.ए. करते. विषयाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "सुधारसेवा म्हणजे काय गं?"

"शिक्षा झाल्यावर माणसाचं पुढे काय होतं, ते."

"पुढे काय व्हायचंय? आत बसतो."

उभी हयात मी सातारा-सांगलीकडे माणसं पकडून आत पाठवण्यात घालवली. फाटक लागलं की माझ्या दृष्टीनं गोष्ट संपायची. हिची गोष्ट तिथेच सुरू होते म्हणे! यावरून कराडला आमच्या घरी जेवताना इतके खटके उडाले की शैलानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, शेवटी फर्मान काढलं: "एकदा जाऊन बघून या, नाहीतर ताटावर हा विषय काढू नका." म्हणून मी चेन्नईला गेलो. खरं सांगायचं तर मनात आणखी एक बेत होता. बॅगेत चिवड्याच्या पुड्याखाली फौजदारकीच्या परीक्षेची पुस्तकं होती. संधी साधून ती पोरीपुढे ठेवायची होती.

माझा मुक्काम स्टेशनजवळच्याच एका लॉजमध्ये होता. सकाळी खालच्या हॉटेलात गेलो तर लोक उभ्याउभ्याच पोंगल खात होते. पोंगल म्हणजे आपली मऊ खिचडीच, फक्त मिऱ्यांची आणि तुपात निथळणारी. आपण खिचडी आजाऱ्याला देतो; इथली माणसं ती खाऊन कामावर जातात, आणि मी मात्र ती खाऊन दुपारपर्यंत झोपलो. कॉफी पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतत प्यायची असते. मी ती शर्टावर ओतली. वाढपी जराही न हसता फडकं घेऊन आला, आणि त्याच्या त्या न हसण्यानंच मला जास्त लाज वाटली.

माझा पहिला तमिळ शब्द मी स्टेशनवरच शिकलो. फलाटावर घोळका करून उभ्या असलेल्या लोकांना एक रेल्वे पोलीस हलवत होता, "नड, नड." मला कुणी अर्थ सांगावा लागला नाही. पुढे हो, चाल. हा शब्द मी मराठीत इतक्या वेळा, इतक्या जणांना म्हटलाय की त्याचा सूर कुठल्याही भाषेत ओळखला असता.

अण्णा नगर

दुसऱ्या दिवशी गौरी मला सुगुणाबाईंकडे घेऊन गेली. सुगुणाबाई परिविक्षा अधिकारी आहेत. कैद्याला रजेवर घरी सोडायचं का, हे ठरवण्याआधी त्याच्या घरी आणि शेजारीपाजारी चौकशी करून अहवाल द्यायचा, हे त्यांच्या कामांपैकी एक. कॉलेजनं गौरीला प्रत्यक्ष काम शिकायला त्यांच्या हाताखाली दिलं आहे. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. अण्णा नगरातल्या त्या फ्लॅटचं दार उघडलं आणि साठीकडे झुकलेल्या, मोगरा माळलेल्या, काळ्यासावळ्या बाई म्हणाल्या, "यावें फौजदारसाहेब, बसून घ्या. गौरी सांगितली तुम्ही येतां म्हणून."

बाई तंजावरकडच्या मराठी. भोसल्यांच्या फौजेबरोबर कधीतरी पूर्वज खाली उतरले आणि परत गेलेच नाहीत. शब्द एखाद्या जुन्या मोडी कागदावरून उचलल्यासारखे, आणि चाल मात्र पक्की तमिळ. त्यांची मुलं एकमेकांशी तमिळमध्येच बोलतात. मराठी फक्त आईशी, तेही रागावली की. मी बोलायला लागलो तर बाईच मला म्हणाल्या, "तुमचें मराठी फार वेगानें धांवतें. सावकाश बोला."

जेवायला भात, सांबार, वांग्याची भाजी आणि एका वाटीत डांगर. उडदाचं पीठ, ताक, वर कांद्याची फोडणी. माझी आई करायची तसंच, अगदी तसंच. कराडला आता हे कुणी करत नाही. मी तीनदा मागून घेतलं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी उरलेलं सगळं माझ्या पानात पालथं केलं.

जेवण झाल्यावर त्या दोघी दुसऱ्या दिवसाच्या कामाविषयी बोलू लागल्या आणि मी कान दिला. उत्तर चेन्नईतल्या एका गल्लीत जायचं होतं. गल्लीचं नाव लिहायला गौरीनं मला सक्त मनाई केली आहे, आणि माणसांची नावंही मी बदलली आहेत. दुरै नावाचा तिथला एक माणूस खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय. वर्षानुवर्षं आत आहे, वागणूक चांगली. त्यानं काही दिवसांच्या रजेचा अर्ज केलाय, तो भाचीचे कान टोचण्यासाठी.

"कान टोचायला खुन्याला रजा?" माझ्या तोंडून गेलंच.

गौरीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुगुणाबाईंनी मात्र समजावलं. इकडे मुलीचे कान टोचतात ते आईच्या सख्ख्या भावाच्या मांडीवर. त्याला 'ताय मामन' म्हणतात. त्यानं ताटं भरून आहेर घेऊन वाजतगाजत बहिणीच्या दारी यायचं आणि पोरीला मांडीवर घेऊन बसायचं. दुरैच्या बहिणीला, मल्लिकाला, हा एकच भाऊ. "दुसऱ्या कोणाचे मांडीवर बसविणार नाहीं म्हणते. लेकरूं शाळेला जाऊं लागलें, कान अजून रिकामे. इथें तसें कोणी ठेवीत नाहीं."

मामाची मांडी म्हटल्यावर मला काही समजावून सांगायला नको होतं. माझ्या बहिणीच्या मुलाचं जावळ माझ्याच मांडीवर काढलं. मी बंदोबस्तावरून तसाच गणवेशात गेलो होतो, आणि पहिला वस्तरा लागताच गड्यानं माझी खाकी विजार भिजवली. आज तो पुण्यात मोठा इंजिनिअर आहे, पण मला तो अजून तेवढाच आठवतो.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं.

"ज्याचा जीव गेला त्याची आई त्याच गल्लींत राहते," सुगुणाबाई म्हणाल्या. "मल्लिकेचे घरापासून चार दारें. तिला विचारल्याशिवाय कसें पाठवायचें?"

ती गल्ली

गौरी एकटीच जाणार होती; मला बरोबर न्यायचं नव्हतंच. पण लॉजवर बसून काय करू, म्हणून मीच मागे लागलो. अखेर असं ठरलं की मी गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसायचं आणि कुणाशी काही बोलायचं नाही. हे मी तंतोतंत पाळलं, फक्त बसलो नाही.

गल्ली अरुंद, पण स्वच्छ. दारोदारी पांढऱ्या पिठाचं कोलम, आपल्या रांगोळीसारखं. पाण्याची लॉरी यायची होती, म्हणून निळ्या, हिरव्या, गुलाबी घागरींची रांग लागलेली. मधोमध विजेचा डबा, पलीकडच्या टोकाला सिमेंटची टाकी. मी चहा घेतला आणि सवयीनं भिंतीला पाठ लावून, गल्लीची दोन्ही टोकं दिसतील असा उभा राहिलो. पाय फाकलेले, हात पाठीमागे. पायात तपकिरी, चकचकीत पॉलिश केलेले बूट. मी काहीही केलं नाही. नुसता उभा राहिलो.

तेवढं पुरलं. आधी रांगेतल्या बायकांची बडबड थांबली. मग पत्ते खेळणारी माणसं उठून आत गेली. मल्लिकाच्या शेजारणींनी गौरीला सांगितलं की त्यांना काही माहीत नाही, कोण दुरै, त्या इथे नव्या आहेत. त्यातली एक जन्मापासून तिथे राहते, असं नंतर कळलं. एक म्हातारा म्हणाला, येऊ नका, भानगड नको, तो आला की मागून पोलीस येणार. आणि पच्चैयम्मा, म्हणजे ज्यांचा मुलगा मारला गेला त्या, दारात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्यांनी एकदा गौरीकडे पाहिलं, एकदा लांबून माझ्याकडे पाहिलं, सूप उचललं आणि दार लावून घेतलं.

परत येताना मेट्रोत गौरी म्हणाली, "बाबा, आज लिहायचं झालं तर मला लिहावं लागेल की गल्लीचा विरोध आहे. मग त्याची रजा गेली. ती मल्लिका मगाशी रडत होती, तुम्हाला दिसलं नाही."

मी म्हटलं, "मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"तेच तर ना. नुसते उभे होतात, आणि सगळी गल्ली बंद झाली."

मला राग आला. आधी तिच्यावर आला, मग त्या गल्लीवर, आणि सगळ्यात शेवटी, जिथे यायला हवा होता तिथे, माझ्या बुटांवर.

संध्याकाळी सुगुणाबाईंनी बोलावून घेतलं. वाटलं, आता खडे बोल ऐकावे लागणार. पण बाईंनी आधी कॉफी दिली, ती वाटीत कशी ओतायची ते दाखवलं, आणि मगच विषय काढला.

"साहेब, तुमचे खात्यांत चौकशी म्हणजे विचारणें. आमचे खात्यांत चौकशी म्हणजे बसणें. मी पहिले खेपेला कोणाला कांहीं विचारीत नाहीं. जाऊन बसतें. दिलें तें पाणी पितें. तेच मला विचारतात, तुझीं मुलें किती, पाय कां दुखतो, ही साडी कुठली. त्यांचें विचारून झालें, मग माझी पाळी."

"माझं चुकलं. उद्या मी येत नाही," मी म्हटलं.

"अय्यो, आतां तर आलेंच पाहिजे!" बाई म्हणाल्या. "गल्ली तुम्हांला पाहिली. उद्या तुम्ही नाहीं आलांत तर त्यांना वाटेल, लपून पाठविलेला माणूस होता. लपविला म्हणजे आणखी भितात. तुम्ही गौरीचे बाप, हें आतां दाखवावेंच लागेल. पण ते बूट नकोत. आणि उभे राहूं नका."

त्यात एक दिवस मध्ये सोडायचा, असंही त्यांनी ठरवलं. लगेच गेलं की गल्लीला धाड पडल्यासारखं वाटतं.

पुळल

मधल्या दिवशी गौरीनं मला स्कूटरवर मागे बसवून शहराबाहेर पुळलला नेलं. दुरै तिथल्या मोठ्या तुरुंगात आहे. आत जायची परवानगी मला नव्हती आणि मी मागितलीही नाही. तुरुंगाच्या भिंती मी पुष्कळ पाहिल्यात. पण रस्त्याला लागून एक पेट्रोल पंप आहे आणि तो कैदीच चालवतात. चांगल्या वागणुकीचे कैदी सकाळी बाहेर येतात, दिवसभर पेट्रोल भरतात आणि संध्याकाळी परत आत जातात.

हे गौरीनं मला रांगेत उभं राहिल्यावर सांगितलं. मी तिथल्या तिथे स्कूटरवरून उतरलो. समोर उभा ट्रक, कैद्याच्या हातात नळी, पलीकडे मोकळा हमरस्ता, आणि पहाऱ्याला मला तरी कुणी दिसेना. माझ्या हाताखालचा हवालदार असा कैदी सोडून चहाला गेला असता तर मी त्याची वर्दी उतरवली असती.

आमची पाळी आली. पंपावरचा माणूस माझ्याच वयाचा, दात पडलेला. त्यानं आकड्याकडे बोट करून म्हटलं, "झिरो पारुंग, सार," म्हणजे शून्य बघून घ्या. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला. "सार, पोलीस?"

आता मलाही हसू आलं. मी मान हलवली. त्यानं गौरीला काहीतरी सांगितलं आणि पुढच्या गाडीकडे वळला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सरांना सांग, पळायला मलाही येतं. पण पळून जायचं कुठे? घरच्यांनी दार तर उघडलं पाहिजे."

परतताना एके ठिकाणी आम्ही उसाचा रस घेतला. मी तिला विचारलं, "त्या दुरैला कळलं असेल का, की मी काम बिघडवलं?"

"त्याला एवढंच माहीत आहे की चौकशी चालू आहे. मागच्या वेळी भेटले तेव्हा त्यानं मला विचारलं, यालिनी आता केवढी झाली? मांडीत मावेल ना?" यालिनी म्हणजे भाची. ती झाली तेव्हा तो आतच होता. गौरी ग्लासात बघत म्हणाली, "अजून एखादं वर्ष मावेल, बाबा. त्यानंतर ती स्वतःच नाही म्हणेल."

चिवड्याखालची पुस्तकं त्या दिवशी काढायचं मी ठरवलं होतं. नाही काढली.

पुन्हा ती गल्ली

सुगुणाबाईंच्या मुलानं माझ्यासाठी वेष्टी आणली. इकडचे पुरुष नेसतात ती पांढरी लुंगीच, पण नवशिक्यांसाठी तिला कमरेला चिकटपट्टी लावलेली मिळते. नेसायची भानगड नाही, नुसती चिकटवायची. पायात रबरी चपला. आरशात बघितलं तर मी मला मंगल कार्यालयाच्या मॅनेजरसारखा दिसलो. शैलाला फोटो पाठवला. तिनं नुसतेच हसणारे चेहरे पाठवले, ओळभर.

या वेळी आम्ही तिघं सरळ मल्लिकाच्या घरी गेलो. मल्लिका तिशीची, किडकिडीत, एका कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाचं काम करते. तिनं चटई अंथरली. "उक्कारुंग," ती म्हणाली, बसा. मी बसलो, आणि भरल्या घरात वेष्टीची चिकटपट्टी चर्रर्र करून सुटली.

मग कोपऱ्यात उभी असलेली यालिनी खुदकन हसली, आणि तिच्यामागे दारातून डोकावणाऱ्या सगळ्या बायका. मी दोन्ही हातांनी वेष्टी धरून बसलो होतो, आणि गौरी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. त्या दिवशी रजेची गोष्ट कुणी काढायच्या आधी मला विचारण्यात आलं की मी कुठला, बायको का आणली नाही, साखरेचा त्रास आहे का, आणि पोलिसात होतो तर मग पोरगी चोरांच्या बाजूनं कशी. शेवटच्या प्रश्नावर मी म्हटलं, "तेच तर मी विचारायला आलोय." सुगुणाबाईंनी तमिळमध्ये सांगितलं आणि पुन्हा हशा पिकला. मामाच्या मांडीवरच्या जावळाची आणि भिजलेल्या विजारीची गोष्टही मी सांगितली. 'कोण दुरै' म्हणणाऱ्या शेजारणीनं यावर सांगितलं की दुरै लहानपणी तिच्याच नळावर आंघोळ करायचा.

यालिनीला मी तेव्हा नीट पाहिलं. गोल चेहरा, दोन वेण्या, त्यांत अबोली, आणि रिकाम्या कानांच्या पाळ्या. शाळेत मुली तिला चिडवतात, असं मल्लिकानं सांगितलं. सांगताना तिनं पोरीच्या पाळ्या दोन बोटांत धरल्या होत्या.

इतक्यात निरोप आला. पच्चैयम्मांनी बोलावलं होतं, आणि पोलीस अप्पालाही, म्हणजे मलाही, घेऊन या, असं म्हटलं होतं.

त्यांची खोली एकच, पण आरशासारखी. भिंतीवर मुलाचा फोटो. बावीस-तेवीसचा असेल, केस उलटे फिरवलेले, हसरा. त्याला ताज्या फुलांचा हार. म्हाताऱ्या बाईनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि माझ्याशी बोलायला सुरुवात केली. सुगुणाबाई वाक्यावाक्याला थांबून मला मराठीत सांगत होत्या.

"बाबू गेला तेव्हां तुमचे लोक रोज येत. कोणता हात उचलिला, कोण कुठें उभा होता, किती वाजले. मी सगळें सांगितलें. शिक्षा झाली, मग कोणी आलें नाहीं. मी जेवतें का, झोपतें का, कोणी विचारिलें नाहीं. इतके वर्षांनीं ही मुलगी विचारायला येते, तो चार दिवस आला तर तुला चालेल का." मग त्या गौरीकडे वळल्या. "मी नाहीं म्हटलें तर तो येणार नाहीं?"

गौरी म्हणाली, "तुम्ही जे सांगाल ते मी जसंच्या तसं लिहीन. ठरवणारे वरचे लोक आहेत. पण तुमचा शब्द ते वाचतील."

पच्चैयम्मांनी मान हलवली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "पोलीस अप्पा, तुम्ही माझ्या जागीं असतां तर काय म्हटलें असतें?"

मी गौरीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित गुळमुळीत काहीतरी बोललो असतो. समोर फोटो होता, आणि मला एकच लेक आहे. मी म्हटलं, "नाही म्हटलं असतं."

सुगुणाबाई थांबल्या. त्यांनी हे तमिळमध्ये सांगू की नको अशा नजरेनं मला विचारलं. मी म्हटलं, सांगा. गौरीनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा, आणि या वेळी तोंड उघडून, मी तिचं काम मातीत घातलं असं मला वाटलं. दुरैला रजा मिळावी असं पहिल्यांदाच मलाही वाटू लागलं होतं, आणि तेव्हाच मी ती घालवली होती.

सुगुणाबाईंनी सांगितलं.

"खरें बोललांत," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे मला म्हणतात, विसर, देव बघेल. मीही नाहींच म्हणत होतें. दार लावून रोज नाहीं म्हणत होतें. पण तें लेकरूं माझेच दारांत खेळतें. मला आया म्हणतें, आजी. तिची वेणी मी घालतें, आई कामावर जाते ना. रोज ते रिकामे कान माझेच हातांखालीं येतात. दुरैवर राग आहे तो आहे. मी मरेन तेव्हां तो माझेबरोबर जाईल. पण त्या कानांनीं माझें काय केलें?"

बाहेर लॉरी आली होती, घागरी भरल्याचा आवाज येत होता.

"येऊं दे त्याला. मामाचे मांडीवर बसूं दे," पच्चैयम्मा म्हणाल्या. "एकच गोष्ट लिही, मुली. मेळम माझे दारावरून वाजवीत न्यायचें नाहीं."

मेळम म्हणजे ढोल-सनईचा ताफा. आहेराची ताटं घेऊन मामा येतो तेव्हा तो पुढे वाजत चालतो. बाबूला दुरैनं मारलं ते देवीच्या मिरवणुकीत, असल्याच मेळमपुढे नाचताना झालेल्या धक्काबुक्कीत. दोघं लहानपणापासूनचे मित्र. "तो खालीं पडला, मी ओरडत होतें," पच्चैयम्मा म्हणाल्या, "आणि वाजवणारे वाजवीतच होते. कोणाला ऐकूंच गेलें नाहीं. त्या डब्यापासून टाकीपर्यंत गप्प चाला. मग काय वाजवायचें तें वाजवा."

गौरीनं ते लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. निघताना मी हात जोडले. वेष्टी धरायची राहून गेली होती, पण या वेळी ती सुटली नाही.

त्या रात्री माझी परतीची गाडी होती. स्टेशनवर गौरीनं विचारलं, "बाबा, आई फोनवर म्हणाली, बाबांची बॅग उघडून बघ. चिवड्याच्या खाली काय आहे?"

"जुने पेपर," मी म्हटलं, आणि चिवडा तिच्या हातात दिला. पुस्तकं माझ्याबरोबर कराडला परत आली.

कराड

रजा मंजूर व्हायला पुढे बरेच दिवस गेले. आमच्या ताटावर तोच विषय असायचा, आता मात्र उलटा. "कळलं का काही?" असं मीच विचारायचो, आणि शैला म्हणायची, "जेवा आधी." मग एकदा गौरीचा फोन आला: मिळाली. पोलीस पहाऱ्यात, पण मिळाली. अहवालातली मेळमची अट जशीच्या तशी ठेवली होती.

कान टोचण्याच्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा फोन लावला. चित्र दिसत नव्हतं. तुरुंगातल्या माणसाला असं दाखवणं बरं नव्हे, असं तिचं म्हणणं. "नुसतं ऐका," ती म्हणाली, आणि फोन हातात धरून चालू लागली. मी अंगणात खुर्चीवर बसलो होतो. कानात सनई, ढोल, बायकांची गडबड. सगळी गल्ली चालत असावी.

मग सनई मध्येच तुटली. ढोल थांबला. विजेचा डबा आला, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी उभा राहिलो. कधी उठलो ते माझं मलाच कळलं नाही. पाय जुळलेले, हात बाजूला. शैला कणकेचे हात घेऊन बाहेर आली, "कोण आलंय?" मी बोटानं गप्प राहायला सांगितलं. फोनमधून आता फक्त पावलं ऐकू येत होती. चपला, अनवाणी पाय, कुणाचे तरी पैंजण, पहाऱ्यावरच्या शिपायांचे बूट. बूट मला बरोबर ओळखू आले.

मग पावलंही थांबली.

गौरीनं मला नंतर सांगितलं. पच्चैयम्मा दारात उभ्या होत्या. दुरै आहेराचं ताट डोक्यावर घेऊन त्यांच्यासमोर आला आणि त्याचे पायच उचलेनात. मान खाली. शिपाई त्याला हात लावायला धजेनात. मल्लिका रडायला लागली. सुगुणाबाईसुद्धा नुसत्या बघत राहिल्या.

मला यातलं काही दिसत नव्हतं. मला फक्त ऐकू आलं, की सगळी गल्ली गप्प आहे, आणि मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. कोरडा, थोडा खरखरीत, पण मोठा नव्हे. एकच शब्द.

"नड."

पावलं पुढे निघाली. टाकीपाशी ढोल पुन्हा वाजू लागला, आणि थोड्या वेळानं त्या सगळ्या आवाजावर चढून एका पोरीनं भोकाड पसरलं. तोपर्यंत मी उभाच होतो.